उन्हाळ्यातली बिअर आणि ग्लासातले शेवटचे चार घोट

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऊन तापलं की बिअर प्यावीशी वाटते, पण नेहमीची बाटली अर्ध्यावरच नकोशी होते. फिकट रंगाची, हलकी आणि बर्फासारखी गार एवढं बघून घेतली तर पुरतं का? गव्हाची, आंबट, काळी असे नाना प्रकार दिसतात, त्यातलं उन्हाळ्यात काय चालतं?

माझी वीसेक वर्षं बिअर बनवण्यात गेली. उकळत्या केटलशेजारी उभं राहणाऱ्याला बारा महिने उन्हाळाच असतो, त्यामुळे या विषयाचा अभ्यास मला सक्तीनंच करावा लागला.

प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: बाटली अर्ध्यावर नकोशी होते. पहिला घोट तर कुठल्याही बिअरचा छान लागतो. घसा कोरडा असतो, बिअर गार असते, जिभेला तक्रार करायला सवड नसते. परीक्षा होते ती ग्लास तळाला गेल्यावर. गारव्यामुळे जिभेला गोडी कमी जाणवते. चार अंशांवरची बिअर उन्हात बघता बघता बारा-पंधरा अंशांवर येते आणि तीच बिअर जास्त गोड लागायला लागते. साखर तेवढीच असते, पण आता ती कळते. तोवर वायूही बराच उडून गेलेला असतो. गोड, कोमट आणि निपचित असं ते पाणी मग संपवायचं कसं?

म्हणून मी एकच गोष्ट बघतो. घोट गिळल्यावर तोंडात काय उरतं? चव येऊन गेली, तोंड स्वच्छ झालं आणि पुढच्या घोटाला जागा मोकळी झाली, तर ती उन्हाळ्याची बिअर. आमच्या धंद्यात याला ‘ड्राय फिनिश’ म्हणतात. रंग, टक्केवारी, लेबलावरचा ‘लाइट’ हा शब्द, हे सगळं त्यानंतर.

हे मला एका फसलेल्या बॅचनं शिकवलं. उन्हाळ्यासाठी ३.८ टक्के अल्कोहोलची हलकी बिअर काढायचं ठरलं होतं. अल्कोहोल कमी म्हणजे पाणचट लागेल, या भीतीनं मी मॅश ७० अंशांवर ठेवला. मॅश म्हणजे भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात मुरवत ठेवण्याची पायरी. तिथं तापमान ६२ ते ६५ अंशांच्या आसपास राखलं तर स्टार्चची बरीचशी साखर यीस्टला खाता येईल अशी बनते. ७० च्या घरात गेलं की यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनं जास्त उरतात आणि बिअरला अंग येतं, म्हणजे ती दाट लागते. अंग आलंच. कागदावर ती बिअर हलकी होती, तोंडात मात्र कपड्यांच्या खळीसारखी चिकटत होती. लोक अर्धा ग्लास पिऊन बाजूला सारत आणि शेजारच्या नळावरची पाच टक्क्यांची कोरडी पिल्स, म्हणजे फिकट, कडवट बिअर, मागत. अल्कोहोल कमी असणं आणि बिअर हलकी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

कोरडेपणाच्या जोडीला तीन गोष्टी कामाला येतात: वायू, आंबटपणा आणि कडवटपणा. यातल्या वायूकडे पिणाऱ्यांचं सगळ्यात कमी लक्ष जातं. एक लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला आहे, त्यावरून आम्ही तो मोजतो. साध्या लागरमध्ये (गारठ्यात सावकाश आंबवलेली बिअर) अडीचच्या आसपास, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये साडेतीन किंवा त्याहून जास्त, तर हातपंपानं ओढलेल्या इंग्लिश कास्क एलमध्ये (एल म्हणजे लागरपेक्षा जास्त तापमानात आंबवलेली बिअर) जेमतेम एकाच्या वर. बिअर पिताना जी चुरचुर होते ती बुडबुडे फुटल्यामुळे होते असं वाटतं, पण मुख्य काम रसायनाचं असतं. जिभेवरचं एक एन्झाइम त्या वायूचं कार्बोनिक आम्ल करतं आणि ते आम्ल किंचित झोंबतं. गार पेयात ते झोंबणं सुखाचं वाटतं. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, म्हणून तहान भागल्यासारखी वाटते. कडवटपणाचं काम झाडूचं: मॉल्टची उरलीसुरली गोडी लोटून काढायची. फक्त झाडून झाल्यावर झाडूनं घरातच ठाण मांडू नये. जिभेच्या मुळाशी पाच मिनिटं रेंगाळणारा कडवटपणा हिवाळ्यासाठी ठेवा.

आता प्रकारांकडे वळू. कोणतीही एकच बिअर सांगा म्हणाल तर मी जर्मन पद्धतीची पिल्स सांगेन. फिकट लागरची सुरुवात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, प्लझेन शहरात १८४२ साली झाली. योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरनं तिथलं अतिशय मृदू पाणी, फिकट मॉल्ट आणि साट्स जातीची हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) यांतून सोनेरी बिअर काढली. तिचीच परंपरा सांगणारी पिल्स्नर उर्क्वेल आजही मिळते. तिच्यात अल्कोहोल ४.४ टक्के असतं, कडवटपणा भरपूर असतो, पण मॉल्टची गोडीही मुद्दाम राखलेली असते. ती मला प्रिय आहे, तरी ऐन दुपारी मी तिच्या जर्मन बहिणीकडे वळतो. ती जास्त कोरडी आणि जास्त टोकदार असते. म्युनिकच्या श्पाटन ब्रूअरीनं १८९४ मध्ये आणलेली हेलेस त्याउलट मऊ, कमी कडू. कडवटपणा अजिबात नको असेल तर ती घ्या, पण लवकर संपवा, कारण गरम झाली की तिची गोडी आधी वर येते.

तांदूळ किंवा मका वापरून केलेल्या मोठ्या कारखान्यांच्या लागरला नाकं मुरडण्याची आमच्या मंडळींत फॅशन आहे. मी त्यात नाही. तांदळातून साखर मिळते ती जवळपास सगळी यीस्ट खाऊन टाकतं आणि मॉल्टचा जडपणा त्या प्रमाणात कमी होतो. भेसळ म्हणून नव्हे, कोरडेपणासाठी हे करता येतं आणि चांगलं करता येतं. जपानमध्ये १९८७ साली आलेली असाही सुपर ड्राय हे त्याचं टोकाचं उदाहरण. तिच्यात चवीची श्रीमंती शोधू नका. घोट गेला की मागे काही ठेवायचं नाही, हे एकच काम ती करते आणि चोख करते.

गव्हाच्या बिअरमध्ये दोन घराणी आहेत आणि त्यांची गल्लत केली की उन्हाळ्यात पस्तावायची वेळ येते. बव्हेरियाच्या हेफेवाइत्सनमध्ये निम्म्याहून जास्त गव्हाचं मॉल्ट असतं. यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, फेस उंच चढतो, वायू भरपूर असतो. पहिला ग्लास अप्रतिम. पण अंगानं ती भरलेली असते, त्यामुळे दुसऱ्या ग्लासाला पोट नको म्हणतं. बेल्जियमची विटबिअर मात्र उन्हाळ्यासाठीच जन्माला आल्यासारखी आहे: मॉल्ट न केलेला कच्चा गहू, धने, कडू संत्र्याची साल, जरा आंबटसर झुकाव. हूखार्डन गावातली या प्रकारची शेवटची ब्रूअरी १९५० च्या दशकात बंद पडली होती. तरुणपणी त्या धंद्यात हात लावलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्यानं १९६६ मध्ये तो प्रकार पुन्हा उभा केला. आज जगभर विटबिअर दिसते ती त्याच्यामुळे. फक्त घेताना एवढं बघा की धन्या-संत्र्याचा वास मागून यावा. पहिल्याच घोटाला साबणासारखा वास आला तर मसाल्याचा हात सैल सुटला आहे.

आंबट बिअरला लोक घाबरतात. घाबरू नका, उन्हाळ्यात हेच खरं हत्यार आहे. बर्लिनर वाइसमध्ये अल्कोहोल तीन टक्क्यांच्या आसपास, कडवटपणा जवळपास शून्य, लॅक्टिक, म्हणजे दह्यासारखा, आंबटपणा स्वच्छ आणि वायू उसळता. बर्लिनमध्ये तिच्यात रास्पबेरीचं लाल किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीचं हिरवं सरबत घालतात. मला ते नको असतं, गोडी पुन्हा मागच्या दारानं आत येते. गोझ हा प्रकार गोस्लारचा आणि पुढे लाइपझिगचा. आंबट, धने घातलेला आणि किंचित खारट. मीठ नेमकं असेल तर खारट असं कळतच नाही, नुसती तोंडाला चव आल्यासारखं वाटतं. लाइपझिगमध्ये १९६६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं होतं आणि १९८० च्या दशकात ती परतली. या नावांखाली हल्ली फळांचा गर ओतून केलेल्या दाट, गोड बिअरही विकल्या जातात. त्यांचं लेबल रंगीत असतं आणि घोट जाड असतो. त्या उन्हाळ्याच्या खात्यात धरू नका, आणि ज्या डब्यात न आंबलेला गर आहे तो गरम जागी तर मुळीच ठेवू नका. आत यीस्ट जागं असेल तर डबा फुटतो.

सेझोंबद्दल थोडं सावध करतो. बेल्जियमच्या वॉलोनियातल्या शेतांवरची ही बिअर. हाडासारखी कोरडी, मिरीसारखा झणका, वायू जोरदार. वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीला उतरते आणि तिथंच फसवते, कारण सेझों द्युपाँसारख्या नामांकित बिअरमध्ये अल्कोहोल ६.५ टक्के असतं. पिताना ते कळत नाही, उठताना कळतं.

काळ्या बिअरनं गरम होतं, हे डोळ्यांनी जिभेला सांगितलेलं खोटं आहे. काळा रंग यायला थोडंसं भाजलेलं मॉल्ट पुरतं आणि रंगाचा जडपणाशी संबंध नसतो. गिनीज ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे कित्येक सोनेरी लागरपेक्षा कमी. ती जड वाटते त्यामागे नायट्रोजनचा हात आहे. बुडबुडे बारीक होतात, फेस सायीसारखा होतो आणि चुरचुर हरवते. म्हणून उन्हाळ्यात काळं काही प्यायचं तर मी जर्मन श्वार्त्सबिअर सुचवतो: लागरसारखी स्वच्छ, मागे भाजल्याची नुसती सावली. आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्स घातलेली एल) हा मात्र रंगानं उजळ असूनही उन्हाळ्याला बेताचा. सहा-सात टक्के अल्कोहोल, रेंगाळणारा कडवटपणा, आणि गढूळ दिसणारी ‘हेझी’ आयपीए असेल तर वर ओट्सचा गुळगुळीत जाडपणा. हॉप्सचा वासच हवा असेल तर साडेचार टक्क्यांच्या आतबाहेरची पेल एल शोधा.

राडलर, म्हणजे बिअर आणि लिंबाचं सोडापेय निम्मं-निम्मं, हा काही कमीपणाचा प्रकार नाही. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘सायकलस्वार’. अल्कोहोल अडीच टक्क्यांवर येतं. घरी करायची तर तयार गोड पेयाऐवजी साधा सोडा, लिंबू आणि अगदी नावाला साखर घ्या आणि बिअर कडू बाजूची घ्या.

प्रकार नीट निवडला आणि बाटली उन्हात भाजलेली असली तर सगळं मुसळ केरात. उष्णता ही बिअरची जुनी वैरीण. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदीच होती, कारण गरमीत बनवलेली बिअर नासायची. मार्चमध्ये बनवलेली बिअर तळघरांत बर्फ भरून उन्हाळाभर पुरवायची. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली आणि लोक त्या सावलीत बसून प्यायला लागले. १८१२ मध्ये बव्हेरियाच्या राजानं ब्रूअर लोकांना जून ते सप्टेंबर तळघरांपाशीच बिअर विकायची रीतसर परवानगी दिली. आजचे बिअर गार्डन त्यातून आले. म्हणजे सावली आधी बिअरसाठी होती, माणसांना ती फुकटात मिळाली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्रांनी ऋतूचं हे बंधन संपवलं, पण कारखान्याच्या दाराबाहेर ते अजून लागू आहेच. आमच्यात एक ढोबळ हिशेब चालतो: बिअर ३२ अंशांवर तीन दिवसांत जेवढी शिळी होते, तेवढी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३ अंशांवर ३०० दिवसांत. आकडे काट्यावर मोजायचे नाहीत, पण त्यातला इशारा खरा आहे. शिळी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणून बाटलीवरची तारीख वाचा आणि दोन सारख्यांतून निवडायची तर शीतकपाटातली घ्या. एकदा गार केलेली बिअर पुन्हा साध्या तापमानाला आली की नासते, हा मात्र गैरसमज आहे. एकूण किती काळ ती गरमीत राहिली, एवढाच हिशेब धरायचा.

प्रकाशाचं प्रकरण वेगळं आहे आणि ते मिनिटांत घडतं. उन्हातल्या निळ्या आणि अतिनील किरणांनी हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि त्यातून स्कंक या प्राण्याच्या दर्पासारखं एक गंधकी रसायन तयार होतं. नाकाला ते कळायला अब्जांशाच्याही कितीतरी खालचं प्रमाण पुरतं. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी फारशी नाही, पारदर्शक जवळपास नाहीच. काही कारखाने पारदर्शक बाटलीसाठी बदललेला हॉप्सचा अर्क वापरतात, त्यांचं ठीक चालतं. डब्याला ही भानगडच नाही. बाहेर उघड्यावर बसणार असाल तर डबाच घ्या, आणि ग्लास सावलीत ठेवा, कारण ग्लासाची काच कुणालाच वाचवत नाही.

गार करायला घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ एकत्र करून त्यात बाटली बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवलं तर बाटलीला हवाच जास्त लागते, पाणी तिला सगळीकडून धरतं. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांपाशी गोठायला लागते आणि बाटली तडकते. ग्लास गोठवून पांढरा करण्याचा सोसही सोडा. त्यावरचा बर्फ बिअरमध्ये उतरतो, फेस उधळतो आणि जीभ बधिर झाल्यावर पैसे कशाचे दिले ते कळत नाही. लागर चार ते सात अंशांवर आणि गव्हाची त्याहून किंचित वर, एवढं पुरे. आणि ग्लासात ओतूनच प्या. डब्यातून थेट प्यालात तर सगळा वायू पोटात जाऊन फुगतो, ओतताना त्यातला थोडा फेसाच्या वाटेनं निघून जातो.

आता जे सांगणं भाग आहे ते. बिअरनं तहान भागल्यासारखी वाटते, शरीरातलं पाणी मात्र भरून निघत नाही. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं संप्रेरक अल्कोहोल दाबून टाकतं. घाम गाळून आलात तर आधी पाणी प्या आणि तहान गेल्यावर बिअर उघडा. तहान पाण्यानं भागवली की बिअर सावकाश पिली जाते, आणि चवही कळते. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ घेतलीत तर तेवढ्याच ग्लासात सुमारे ३२ ग्रॅम. बहुतेक स्ट्राँग बिअरच्या शेवटच्या चार घोटांत गोडी आणि अल्कोहोलची ऊब दोन्ही येतात, म्हणजे उन्हाळ्यात नको असलेलं सगळं एकाच ग्लासात. पोहायला उतरायचं असेल, गाडी हाकायची असेल, उन्हानं आधीच डोकं धरलं असेल, तर बिनअल्कोहोलची घ्या. ती आता पूर्वीसारखी कच्च्या काढ्याची चव देत नाही. कमी दाबाखाली अल्कोहोल उडवून किंवा पडद्यातून गाळून काढलेल्या बिअर बऱ्याच कोरड्या असतात. आंबवणं अर्ध्यावर थांबवून केलेल्या गोड राहतात. पद्धत लेबलावर क्वचितच छापतात, पण १०० मिलीमागे साखर किती ते बहुधा छापलेलं असतं. तो आकडा जितका लहान, तितकी ती माझ्या कसोटीला उतरण्याची शक्यता जास्त. ‘बिनअल्कोहोल’ म्हणून विकलेल्या काहींत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, ज्यांना थेंबही चालत नाही त्यांनी ०.० लिहिलेली बघावी.

राहिला शेवटच्या चार घोटांचा मूळ प्रश्न. त्यावर सगळ्यात साधा तोडगा बिअर बदलण्यात नाहीच, ग्लास लहान करण्यात आहे. तो कोलोन शहरानं फार पूर्वी काढला. तिथली क्योल्श ही एलच्या यीस्टनं आंबवून मग लागरसारखी गारठ्यात मुरवलेली फिकट, कोरडी बिअर. ती २०० मिलीच्या सरळसोट, अरुंद ग्लासात देतात. कोमट व्हायच्या आत ग्लास रिकामा होतो आणि वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो. तुम्ही कोस्टर, म्हणजे ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, ग्लासावर झाकण म्हणून ठेवेपर्यंत हे चालूच राहतं. दर ग्लासामागे तो त्या कोस्टरवर पेन्सिलीची एक रेघ ओढतो. त्या रेघा अधूनमधून स्वतःही मोजत जा.